डागासकट नक्कल

नळदुर्ग, ४ जानेवारी १९६१

आयुब,

तुझं कार्ड पोचलं. मला पोचायच्या आधी ते पोस्टमास्तरांना पोचलं, टपालवाल्या लिंबाजीला पोचलं, आणि लिंबाजी चहाला टेकतो त्या हॉटेलातल्या झाडून सगळ्यांना पोचलं. माझ्या हातात आलं तेव्हा त्यावर कपाचा गोल डाग होता आणि लिंबाजी जमिनीकडं बघत होता. "शेठ, आमी काय वाचलं न्हाय," म्हणाला. म्हणजे पाठ केलेलं होतं.

'चोर' हा शब्द किती सुबक काढलास रे! एरवी मला उर्दूत लिहितोस, ते वाचून घ्यायला मी चार दारं फिरावं म्हणून. या वेळी मात्र मराठीत, तेही उघड्या कार्डावर. मुनवर उस्तादांचा मुलगा तू, त्यांचं काहीतरी उतरायलाच हवं होतं. हात उतरले नाहीत, कान उतरले नाहीत. पटाशीची धार तेवढी जिभेवर उतरली.

तुझी बाजू तू गावाला सांगितलीस. माझी मी इथं सगळी लिहून ठेवतो, उद्या चारचौघांपुढं ठेवायची वेळ आली तर अर्धवट नसावी.

तुझं म्हणणं असं. छप्पन साली राज्यं नव्यानं वाटली गेली, तुझी कारकुनी हैदराबादेकडं गेली, बिऱ्हाड हललं. त्या वेळी उस्तादांची स्पॅनिश गिटार मी ठेवून घेतली आणि मी केलेली तिची नक्कल गोणपाटात शिवून तुमच्या ट्रकवर चढवली. पुरावा काय, तर तुझ्या अम्मी, सकिनाचाची म्हणतात, हिच्यात उस्तादांचा आवाज नाही.

बाबा रे, आवाज बोटांत असतो. उस्तादांची बोटं पंचावन्नच्या थंडीत मातीत गेली. तू छेडलीस तर ती कचेरीतल्या टाइपरायटरसारखीच वाजणार.

मी माकणीचा सुतार. नांगर आणि गाडीची चाकं करणारा. नळदुर्गला आलो तेव्हा माझ्याजवळ लाकूड तासायचा एक वाकस होता आणि दोन कान होते. तुझ्या बापानं वाकस कोपऱ्यात ठेवायला लावला आणि कान तेवढे कामाला घेतले. पेट्या, सतारी, सारंग्या दुरुस्त करायचं त्यांचं दुकान. त्यात एका खुंटीला ती गिटार. जहागीरदाराच्या बँडचा गोव्याचा मास्तर कायमचा गावी परतताना उस्तादांना देऊन गेलेला. स्पेन देशात सेव्हिल म्हणून गाव आहे, तिथं शंभर वर्षांमागं कोणा कारागिरानं केलेली. आतला कागद कसरीनं खाल्लेला, त्यामुळं त्याचं नाव कोणालाच ठाऊक नाही. पाठ मात्र शिसवाची. उस्ताद म्हणायचे, "लकडी तो अपनेइच मुल्क की है, जहाज में बैठ के गई, बाजा बन के आई."

तिची नक्कल मी केली. अडीच वर्षं लागली. पोटाला पातळ फळी कुठली, तर किल्ल्याजवळच्या बंगल्यात एक मोडका विलायती पियानो होता, त्याच्या आतली. आतून पंख्यासारख्या सात काड्या, तिच्यात होत्या तशाच. हे तू डोळ्यांनी पाहिलंयस. तू तेव्हा त्याच खोलीत कचेरीच्या परीक्षेची पुस्तकं घोकत होतास आणि माझ्या कानशीच्या आवाजानं वैतागत होतास.

माझ्याकडं आहे ती ही. माझ्या हातची. मिळणार नाही.

आज माझ्या दुकानात ट्रकच्या बॉड्या होतात. हमरस्त्यानं जाणाऱ्या गाडीची कोणती फळी सैल आहे ते मी इथं बसून सांगतो, आणि ड्रायव्हर थांबून बघतो तर तीच निघते. असा माणूस तुझ्या कार्डानं हलेल असं वाटलं तुला?

कार्डं पाठवत जा. लिंबाजीचं वाचन सुधारतंय. चाचींना माझा सलाम सांग. तुला नाही.

श्रीमंत


नळदुर्ग, ८ मार्च १९६१

आयुब,

तुझे वकील येऊन गेले. दत्तोपंत मास्तर. कचेरीची भाषा बदलली तेव्हा ज्यांनी तुला मराठी शिकवलं त्यांनाच तू माझ्यावर सोडलंस. ही चाल मात्र मानली. दुसरा कोणी असता तर त्याला दारातच चहा पाजून वाटेला लावला असता. मास्तरांना खुर्ची द्यावी लागली.

"श्रीमंतराव, आयुबचं पत्र आलंय."

"पाकिटात आलं ना? तुमची इज्जत आहे मास्तर. आम्हाला कार्ड."

"वस्तू दाखवता का?"

मी कपाटातून काढली. मास्तरांना गाण्यातलं काही कळत नाही, पण नजर पेपर तपासणाऱ्याची. पालथी केली, आणि पाठीवरून बोट फिरवत म्हणाले, "ही पिवळी रेघ कसली?"

त्यांना सांगितलं ते तुलाही सांगतो. तू त्या दिवशी उस्मानाबादला होतास, तेव्हा तुझ्या बापाचं हसणं तुझ्या नशिबात नव्हतं.

उस्तादांची रीत तुला माहीत आहे. नक्कल करायची तर डागासकट. मूळ वस्तूवर नखाचा ओरखडा असेल तर आपल्या वस्तूवर तो हवा. कड झिजली असेल तर आपलीही झिजवायची. "दाग छोडा तो समझो तू सयाना हो गया. और सयाने को मैं क्या सिखाऊं?" म्हणून मी सगळं उचललं. मुळाच्या काळ्या पाठीवर एक पिवळी बारीक रेघ होती, वीतभर. मला वाटलं, स्पेनची कलाकुसर! मी माझ्या पाठीवर खाच पाडली, सागाची काडी कापून बसवली. मुळात त्या रेघेच्या मागं, आतल्या अंगाला, बोटभर रुंद पट्टी सरसानं चिकटवलेली होती. मीही चिकटवली. मोठ्या ऐटीत उस्तादांपुढं ठेवली.

त्यांनी पालथी केली आणि खालीच बसले. इतके हसले की टोपी भुशात पडली. "अरे पगले, वो तो मेरा जोड है!" एका उन्हाळ्यात तिची पाठ उकलली होती. बँडमास्तरनं ती दुरुस्तीला आणली होती ती त्यासाठीच. उस्तादांनी तड्यात सागाची काडी भरली आणि आतून पट्टी मारली. मी सेव्हिलच्या कारागिराची म्हणून जी करामत माथी लावून घेतली, ती नळदुर्गच्या मुनवरचं ठिगळ निघाली.

हसून झाल्यावर त्यांनी माझं काम पाहिलं. कानाशी धरून पोटावर टिचकी मारली. म्हणाले, "ठीक है."

अडीच वर्षं, आयुब. ठीक है.

मग दोन्ही एकाच भिंतीवर, दोन खुंट्यांना लावल्या. शागिर्दाची वस्तू उस्ताद 'ले जा' म्हणत नाहीत तोवर उस्तादांकडंच राहते. ते कधी म्हणालेच नाहीत. मी त्रेपन्नला रस्त्यापलीकडं माझं दुकान टाकलं तरी नाही म्हणाले.

मास्तर सगळं ऐकून घेत होते. मग म्हणाले, "म्हणजे रेघ दोन्हींना, पट्टी दोन्हींना. मग तुमची कोणती हे तुम्हाला कळलं कशावरून?"

"कानावरून."

"उस्ताद गेल्यावर निवडली कोणी?"

"चाची म्हणाल्या, श्रीमंत, तेरी तू ले, उनकी बांध के दे."

"तेव्हा खोलीत कोण होतं?"

"मीच."

मास्तरांनी चष्मा पुसला. त्यांनी चष्मा पुसायला घेतला की वर्गात पुढचं पोरगं रडायचं, आठवतं का? गिटार मी कपाटात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली कनवटीला खोचली. ते उठले आणि दारातून म्हणाले, "श्रीमंतराव, स्वतःच्या नकलेला कुलूप कशाला?"

"उंदीर फार झालेत."

"उंदराला कुलूप?"

आणि गेले. हे ते तुला लिहितीलच. त्यांच्या अक्षरात वाचण्यापेक्षा माझ्या अक्षरात वाच. कुलूप माझं, कपाट माझं, वस्तू माझी. उत्तर बदलत नाही.

श्रीमंत


नळदुर्ग, २२ जून १९६१

आयुब,

रविवारी तू स्वतः आलास. बरं झालं. पाच वर्षांत जाड झालायस. ओरडण्याचा दम मात्र कायम आहे. रस्त्यावर उभा राहून "ये चोर की दुकान है" म्हणालास तेव्हा सोलापूरकडं निघालेले दोन ट्रक थांबले. एकाची बॉडी माझ्याकडचीच होती. ड्रायव्हर मला विचारतो, "शेठ, कोण हाय ह्यो?" मी म्हणालो, "आमच्या उस्तादांचा मुलगा. चहा सांग."

तू चहा जमिनीवर ओतलास. माझ्या माणसांदेखत. तुझ्या घरी मी कितीदा जेवलो असेन याचा हिशेब कधी केला नाही, पण चाचींनी वाढलेलं ताट मी कधी पालथं केलं नाही.

तू काय बोललास ते मी विसरलेलो नाही. कानावर पडलेलं मी विसरत नाही हा माझा गुण म्हण, रोग म्हण.

"अम्मीची नजर गेली श्रीमंत. दोन्ही डोळे. आता कानच उरलेत तिला. एकदा ऐकायचंय म्हणते, अब्बा वाजवायचे ती."

"इथं घेऊन ये. ऐकवतो."

"चोराच्या दारात माझी आई येणार नाही."

"मग तुझ्याकडं आहे ती ऐकव."

"ती ऐकवली! शिकलेला माणूस बोलावून ऐकवली. अम्मी अर्ध्यातच म्हणाली, बंद करो, ये वो नै है. तुझी नक्कल मुर्दा आहे, श्रीमंत. मुर्दा!"

हा शब्द तू सगळ्यांदेखत बोललास. चोर म्हणालास तेव्हा मी चहा सांगितला. मुर्दा म्हणालास तेव्हा हातातली करवत खाली ठेवली. कारण ठेवली नसती तर काय झालं असतं ते सांगता येत नाही.

मग तू म्हणालास, घरी गेल्यावर ती मोडून चुलीत घालतो. मी म्हणालो, मोड.

तुला वाटेल रागात म्हणालो. म्हणून आज चार दिवसांनी, जेवून, पान खाऊन, शांतपणे शाईनं लिहितोय. मोड. मुर्दा आहे ना? मुर्द्याला काय दुखणार. तुझ्याच्यानं फुटली तर बघ. अडीच वर्षं घासलेलं काम आहे, कारकुनाच्या लाथेनं फुटायचं नाही. फुटलीच तर तुकडे इकडं पाठवून दे. माझ्या हातचं लाकूड तुझ्या चुलीत नको.

माझ्याकडची मिळणार नाही. पुन्हा आलास तर चहा मिळणार नाही.

श्रीमंत


नळदुर्ग, ३ ऑक्टोबर १९६१

आयुब,

बिराप्पा ड्रायव्हर आज सकाळी हैदराबादहून आला. ट्रक दुकानासमोर लावला, मागून एक गोणपाटाचं गाठोडं उतरवलं आणि म्हणाला, "शेठ, तुमचं मढं आणलंय."

गोणपाट ओळखलं. छप्पन साली मीच शिवलेलं, सुतळीचे टाके माझे. आत तू भरलेले तुकडे. पोटाची फळी मधोमध फुटलेली, तळव्याएवढ्या जागेत. म्हणजे लाथच. मान कोवळ्या उसासारखी मोडलेली. सात काड्यांतल्या पाच सुट्या. पाठ मात्र कडेपासून निघूनही अख्खी.

खरं सांगतो, आधी मी हसलो. म्हणालो, शाबास रे कारकुना, फुटली म्हणायची.

बिराप्पाला चहा सांगितला. तो म्हणाला, "त्या घरची म्हातारी भिंत धरून धरून दारापर्यंत आली. तुमाला निरोप दिलाय. माझ्याकडनं तीनदा म्हणून घेतला, म्हणून तोंडपाठ हाय." आणि डोळे मिटून, चाचींच्याच चालीवर म्हणाला: "श्रीमंत को बोलना, बेटे, मैं चोर नै बोली तेरे को. मैं इत्ता बोली के ये वो नै है. आखरी दो साल वो दूसरी बजाते थे. इस को खूंटी पे टांग के रख दिये थे. बोलते थे, ये बुड्ढी हो गई, उस का गला खुल्ला है."

मी बरं म्हणालो. अर्थ लागला नाही. म्हातारं माणूस, दोन खुंट्यांत घोटाळा झाला असेल असं वाटलं.

बिराप्पा गेल्यावर पाठ हातात घेऊन बसलो. पिवळी रेघ दिसली. मनात आलं, तेव्हा मी नवशिका होतो, खाच कशी पडली होती बघावी. पट्टीवर गरम पाण्याचं फडकं ठेवलं. सरस सुटायला वेळ लागला. सुरीचं पातं सारलं, पट्टी उचलली.

आता नीट ऐक. मी जी खाच पाडली होती ती अर्ध्या जाडीची. मला ती नक्षी वाटली होती ना; नक्षीसाठी कोणी फळी आरपार कापत नाही. म्हणजे माझ्या गिटारीची पट्टी उचलली तर खाली स्वच्छ काळं शिसव दिसायला हवं.

इथं पट्टीखाली पिवळी रेघ होती. बाहेरून आतपर्यंत, आरपार. तड्यात भरलेली सागाची काडी. उस्तादांचा जोड.

तू मोडलीस ती सेव्हिलची आहे. तुझ्या बापाची.

आणि माझ्या कपाटात, कुलपात, जी आहे ती माझीच आहे.

हसू नको. किंवा हस. या पाच वर्षांत मी तुला चार तरी पत्रं लिहिली असतील, 'माझ्याकडची माझ्या हातची आहे' म्हणून. प्रत्येक वेळी खोटं लिहितोय असं समजून लिहिलं. तुझं कार्ड बरोबर होतं, आयुब. मी चोर होतो.

छप्पनच्या नोव्हेंबरात चाची शेजारच्या खोलीत भांडी बांधत होत्या. मी दोन्ही खाली घेतल्या. डोळ्यांनी फरक कळत नव्हता. मीच कळू दिला नव्हता, डागासकट. एकीची तार छेडली, गळा दाबल्यासारखी वाजली. दुसरीची छेडली आणि खोली भरून गेली. हा आवाज मी ओळखत होतो. दोन वर्षं माझ्या दुकानात रंधा मारता मारता रस्त्यापलीकडून, उस्तादांच्या खिडकीतून तो ऐकत आलो होतो. रंधा थांबवून ऐकायचो आणि मनात म्हणायचो, स्पेन ते स्पेन. आपल्याला जन्मात जमणार नाही.

चाचींनी विश्वासानं 'तेरी तू ले' म्हणून खोली सोडली होती. मी तीच उचलली, गळा उघडा असलेली. दबकी वाजली ती शिवून तुमच्या ट्रकवर चढवली. माझी समजून. पलीकडून ताटांचा आवाज येत होता, तेवढ्यात सगळं झालं.

म्हणजे चोरी केली आणि चोरीला गेलं काहीच नाही. तुमची तुम्हाला दिली, माझी मी घेतली. असा चोर पंचक्रोशीत दुसरा झाला नसेल.

दुपारपासून माझ्या डोक्यात चाचींचा निरोप फिरतोय. शेवटची दोन वर्षं उस्ताद माझी वाजवत होते. 'ठीक है' म्हणणारा माणूस. मी समोरच्या दुकानात असायचो, दिवसातून दोनदा त्यांच्याकडं चहाला जायचो. एका शब्दानं बोलले नाहीत. 'ले जा' का म्हणाले नाहीत तेही आज कळलं. वाजवायला हवी होती त्यांना.

मला एकदा सांगायचं ना, उस्ताद. मी चोर झालो नसतो.

आता तुझं. हे पत्र तुला धाडलं की मी सुटतो. गावात मान वर करून फिरेन. मास्तरांना बोलावून कपाट उघडेन, पट्टी उचलून दाखवेन, 'बघा, खाली कोरं आहे' म्हणून सांगेन. लिंबाजी हॉटेलात वाचून दाखवेल. स्पेनच्या तोडीची गिटार माकणीच्या सुतारानं केली, आणि ती उस्तादांनी मुळापेक्षा वरची मानली. हे ऐकायला मी काय दिलं नसतं!

आणि तू? तुला कळेल की बाप ज्या गिटारीचा जोड अभिमानानं मिरवत होता ती तू पायाखाली घातलीस. तुझी मला दया येत नाही. चहा ओतलास तो मी विसरलेलो नाही. पण 'मोड' हे मी लिहिलं. एकदा तोंडानं बोललो आणि एकदा जेवून, पान खाऊन, शाईनं लिहिलं. बिराप्पा म्हणतो, लाथ मारल्यावर तू दोन दिवस कचेरीत गेला नाहीस. माझी समजून मोडलीस तरी दोन दिवस. तिचं खरं नाव कळलं तर काय करशील ते मला ऐकू येतंय इथं बसून. कान चांगले असण्याचा हा तोटा.

आणि चाची. डोळे गेलेलं माणूस. त्यांना ज्या आवाजाची आस लागलीय तो माझ्या कपाटात आहे. 'माझी तुम्हाला भेट' म्हणून पाठवली तर तू ती ट्रकमधून उतरू द्यायचा नाहीस. श्रीमंतची भेट तू घेणार नाहीस. श्रीमंतनं ओकलेली चोरी मात्र दोन्ही हातांनी घेशील.

लिंबाजी दारात उभा आहे. "शेठ, पाकीट द्यायचंय का?" म्हणतोय.

त्याला म्हणालो, पाकीट राहू दे. एक कोरं कार्ड असेल तर दे.


नळदुर्ग, ३ ऑक्टोबर १९६१
(कार्ड)

आयुब,

मुद्दाम कार्डावर लिहितोय. लिंबाजीनं वाचावं, हॉटेलात वाचावं, तुझ्या कचेरीतल्यांनीही वाचावं.

तू म्हणालास ते खरं आहे. छप्पन साली उस्तादांची गिटार मी ठेवून घेतली. ती बिराप्पाचा ट्रक माघारी जाताना त्यातून परत पाठवतोय. मांडीवर घेऊन बसायला क्लीनरला बजावलंय. तू मोडलीस ती माझ्या हातची होती. तिची खंत करू नको, मी करत नाही. मुर्दा होतीच.

आतड्याच्या तातीच चढव, पोलादी तार चढवशील तर पोट फाटेल. तू वाजवू नको. शिकलेला माणूस बोलाव, आणि खिडकी उघडी ठेवून चाचींना ऐकव. मला लिहू नको. मीही आता लिहिणार नाही.

एक शेवटचं. पाठीवरच्या पिवळ्या रेघेच्या मागं, आत एक पट्टी आहे. ती कधी उचलू नको, कुठल्या कारागिराला उचलू देऊ नको. तिच्याखाली तडा आहे. तुझ्या अब्बांचा जोड आहे तो. एकदा सुटला तर पुन्हा बसवणारा हात आता राहिला नाही.

श्रीमंत